शाहजोग हुंडी आणि संगणकाची नोकरी

इतवारीत किंवा गांधीबागेच्या कापड बाजारात पूर्वी मुलाला कामास लावावयाचे असले, तर अर्ज लिहिण्याची पद्धत नव्हती. मामा अथवा व्याही एखाद्या पेढीवर जाऊन शब्द टाकी आणि मुलगा गादीवर बसू लागे. हुंडीच्या व्यवहारातही तेच तत्त्व होते. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. ती ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यामार्फतच वटे.

आज याच घरांतील मुले-मुली व्हीएनआयटीत अथवा २०१६ साली सुरू झालेल्या येथील ट्रिपल आयटीत संगणकशास्त्र शिकत आहेत. परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे; मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. तरीही वडिलांना प्रश्न पडतो : तेथे आपल्या ओळखीचे कोण? कापडातील चाळीस वर्षांची ओळख तेथे उपयोगी पडत नाही, हे खरे आहे. परंतु शिफारस संपली, हा समज मात्र चुकीचा आहे. तिला आता ‘रेफरल’ म्हणतात, आणि कर्मचाऱ्याने सुचविलेला उमेदवार टिकला तर अनेक कंपन्या त्या कर्मचाऱ्यास बक्षिसाची रक्कमही देतात. बदलला आहे तो शाह.

हा नवा शाह नात्यातला असतोच असे नाही. कित्येकदा त्याने उमेदवाराचा चेहराही पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते ते काम. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या २००८ पासूनच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एकाने अडचण मांडावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे, आणि उत्तर उपयुक्त ठरल्यास त्याच्या नावे गुण जमा व्हावेत, अशी रीत आहे. ‘गिटहब’वर तर लिहिलेला प्रोग्रॅमच सर्वांसाठी खुला ठेवता येतो. तेथील एखाद्या सार्वजनिक प्रकल्पात नवख्याने प्रथम किरकोळ चूक दुरुस्त करून पाठवावी. जाणकार ती ओळीओळीने तपासतात, प्रसंगी दोनदा परत करतात. जुना मुनीम नव्या पोराची खतावणी तपासत असे, तसेच हे. काही महिन्यांनी त्यांना त्या मुलाचा हात ओळखू येऊ लागतो. मग कंपनीत जागा निघाली की त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणीतरी असतो. ‘हॅकर न्यूज’वर दर महिन्याच्या आरंभी ‘कोण भरती करीत आहे?’ असा धागा उघडतो; तेथे कंपनीतील माणसे स्वतःच जागा, गाव आणि घरून काम चालेल की नाही हे लिहितात.

अशा ठिकाणी ‘काही नोकरी असल्यास कळवावे’ एवढाच निरोप धाडला, तर उत्तर येत नाही. कोणती जागा, ती का हवी आणि आपले कोणते काम पाहावे, एवढे तीन-चार ओळींत लिहिले की वाचणारा निदान थांबतो. आपल्याकडे पालक समाजाच्या व्हॉट्सॲप समूहांवर मुलाची जन्मतारीख, वडिलांचे दुकान आणि मामाचे गावही कळवितात. ती माहिती सोयरीक जुळविण्यास ठीक. नोकरी देणाऱ्याला तिचा उपयोग नाही, ठकाला मात्र पुष्कळ आहे.

हे ठकच खरी चिंता होत. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामतीच्या नावाखाली पैसे मागणारी ‘कंपनी’ तेथेच ओळखावी. पण अलीकडचा प्रकार अधिक घातक आहे : घरबसल्या काम आहे, फक्त तुमच्या खात्यात रक्कम येईल, ती पुढे पाठवा आणि थोडे कमिशन ठेवा. ती रक्कम बहुधा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीची असते आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते खातेदाराकडे. व्यापारी घरात मुलाच्या खात्यातून मोठ्या रकमा जाणे-येणे नवे नसल्यामुळे वडिलांचे लक्षही उशिरा जाते. संशय येताच बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.