माल मोजण्याआधी काट्याचा शिक्का बघा

सोयाबीनचं माप सुरू झालं की शेतकऱ्याची नजर आकड्यावर असते, काट्याच्या शिक्क्याकडे कुणी बघत नाही. हा शिक्का वैध मापनशास्त्र यंत्रणेचा. राज्यात ती अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येते. 2009 च्या कायद्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काटा, भुईकाटा दर 12 महिन्यांनी तपासून घ्यावा लागतो. पडताळणीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावणं व्यापाऱ्याला बंधनकारक आहे.

क्विंटलमागे एक किलो मारला तरी 50 क्विंटलला 50 किलो गेले. म्हणून आधी प्रमाणपत्रावरची तारीख बघा, काटा शून्यावर आहे का बघा, मगच पोतं ठेवा. शंका आली तर जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयात किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मापाची पावती मात्र जपून ठेवा.