वनस्पतिउत्पादकता व कार्बन चक्र

परिसंस्थेतील हिरव्या वनस्पती विशिष्ट क्षेत्रात व विशिष्ट काळात जेवढे कार्बनी द्रव्य तयार करतात, त्यास त्या परिसंस्थेची वनस्पतिउत्पादकता किंवा प्राथमिक उत्पादकता म्हणतात. प्रकाशसंश्लेषणाने बद्ध होणारा एकूण कार्बन म्हणजे स्थूल उत्पादन होय. त्यातून वनस्पतींच्या स्वतःच्या श्वसनात खर्च होणारा भाग (सामान्यतः सु. निम्मा) वजा जाता उरते ते निव्वळ उत्पादन. पृथ्वीवरील निव्वळ उत्पादन वर्षाला सु. १०,५०० कोटी टन कार्बन इतके असून त्यापैकी निम्म्याहून किंचित अधिक जमिनीवर व उरलेले महासागरांत होते.

नियंत्रक घटक : प्रकाश, पाणी, तापमान व पोषकद्रव्ये हे मुख्य घटक होत. पानांवरील ज्या त्वग्रंध्रांतून कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरतो, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर पडते. त्यामुळे पाणी अपुरे पडल्यास वनस्पती रंध्रे मिटून घेतात व प्रकाशसंश्लेषण मंदावते. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात ऊन मुबलक असूनही कुरणे वाळतात व सागासारखे वृक्ष निष्पर्ण होतात, याचे कारण हेच. टंड्रा प्रदेशात थंडी, तर खुल्या महासागराच्या बऱ्याच भागात नायट्रोजन, फॉस्फरस वा लोह यांची उणीव उत्पादनास मर्यादा घालते.

सर्वांत अपुऱ्या पोषकद्रव्यावर वाढ अवलंबून असते, हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिक यांनी १८४० नंतरच्या काळात लोकप्रिय केला. प्रत्यक्षात अनेकदा दोन वा अधिक घटक एकत्रितपणे मर्यादा घालतात. थंड प्रदेशांतील तरुण मृदांत बहुधा नायट्रोजन, तर उष्ण कटिबंधातील दीर्घकाळ झिजलेल्या मृदांत फॉस्फरस अपुरा पडतो.

कार्बनाचे परतणे : गळलेली पाने, मृत मुळे व लाकूड यांचे कवके आणि सूक्ष्मजंतू अपघटन करतात. त्यामुळे कार्बन वातावरणात व पोषकद्रव्ये मृदेत परत जातात. हे कार्य उबदार व दमट स्थितीत जलद होते. शुष्क, अतिथंड किंवा ऑक्सिजनरहित स्थितीत मंदावते. लिग्निनयुक्त द्रव्य सावकाश कुजते. म्हणूनच उष्ण कटिबंधी वर्षावनात पालापाचोळा काही महिन्यांत नाहीसा होतो, तर पीटच्या दलदलीत तो सहस्रावधी वर्षे साचून राहतो. मृदेच्या वरच्या एक मीटर थरातील कार्बनी द्रव्यात वातावरणाच्या सु. दीडपटीहून अधिक कार्बन आहे.

महत्त्व : अधिक उत्पादन म्हणजे अधिक साठा असे नव्हे, कार्बन किती काळ टिकतो यावर साठा ठरतो. गवताळ प्रदेशात तो मुख्यतः जमिनीखाली असल्याने तेथे नांगरट करून वृक्षलागवड केल्यास साठा वाढेलच, असे नाही. हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मापन सुरू झाले, तेव्हा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० हून अधिक होते. मानवी उत्सर्जनाचा सु. एक चतुर्थांशाहून अधिक भाग भूपृष्ठावरील वनस्पती व मृदा शोषून घेत आल्या आहेत. वाढत्या कार्बन डाय-ऑक्साइडाने प्रकाशसंश्लेषणास चालना मिळते. परंतु पाणी व पोषकद्रव्ये तिला आवर घालतात आणि वाढत्या तापमानाने अपघटनही वेग घेते. या दोन प्रक्रियांच्या समतोलावर भावी हवामान बऱ्याच अंशी अवलंबून आहे.