सौंसरच्या मराठी शेतकऱ्याचे मत दिल्लीला कसे पोचायचे?

कापूस पिकवणारे पांढुर्णा आणि सौंसर नागपूरच्या उंबरठ्यावर, बोलीही मराठी. तरी ब्रिटिश काळात ही दोन्ही गावे ज्यात होती, तो छिंदवाडा जिल्हा पडला नर्मदा विभागात. त्यामुळे केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुकीत इथला मतदार नागपूरच्या नव्हे, तर मध्य प्रांताच्या ‘हिंदी विभागां’च्या मतदारसंघात मोजला जाई.

मोजला जाई, पण कोण? १९१९च्या भारत सरकार कायद्याने मत दिले ते सारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्या मूठभरांना. शेतमजुराचे नाव यादीत शोधूनही सापडले नसते. बायांना तर सुरुवातीला मतच नव्हते.

त्यातही माणसाची जमात पाहून मतपेटी ठरे. निवडून येणाऱ्या १०४ जागांपैकी ५२ सर्वसाधारण, ३० मुस्लिम, २ शीख आणि ९ खास युरोपियनांच्या. कोट्यवधींच्या देशात मूठभर गोऱ्यांना नऊ जागा! हा उघड अन्याय होता. त्या नऊपैकी तीन बंगालला, दोन मुंबईला मिळाल्या. मध्य प्रांताच्या वाट्याला एकही नाही. जमीनदारांसाठी मात्र तिथे स्वतंत्र जागा होती.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ची लोकसभा निवडणूक आली आणि २१ वर्षांवरचा प्रत्येक नागरिक मतदार झाला. सौंसरची मजूरबाई आणि तिचा जमीनमालक एकाच यादीत आले.