एमसीए झालं, कोडिंग येतं, तरी दुकानदार 'नंतर बघू' का म्हणतो?



सॉफ्टवेअरचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय, असं म्हणणारी एमसीए आणि एमएस्सी कॉम्प्युटरची मुलं-मुली मला सतत भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कम्युनिकेशन कच्चं आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?" लावा, नुकसान काही नाही. पण तुमचं पहिलं गिऱ्हाईक तुमच्याच तालुक्याच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसलंय. ते मराठीत बोलतं, तुम्हीही मराठीत बोलता. तरी काम मिळत नाही. मग गाडी अडते कुठे?

कोल्हापूर जिल्ह्यातली दोन मुलं माझ्याकडे आली होती. त्यांनी एका कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंगचं अ‍ॅप बनवलेलं. मेहनत खरी होती, अ‍ॅप दिसायलाही छान. डेमोला गेले आणि सुरुवात केली, "काका, फ्रंटएंड रिअ‍ॅक्टमध्ये आहे, डेटाबेस मोंगोडीबी, आणि सगळं क्लाउडवर होस्ट केलंय." वीस मिनिटं हेच. काका शांत ऐकत होते. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

"पावसाळ्यात लाइट जाती, नेट जातंय. तवा चालतंय का हे?"

"खताचं सरकारी मशीन आधीच हाय. त्यात एकदा नोंद करायची, परत तुमच्यात करायची, असं दोनदा कोण करणार?"

पोरांकडे उत्तर नव्हतं. अनुदानित खत विकताना दुकानदाराला पीओएस मशीनवर आधारची नोंद करावी लागते. 2018 पासून देशभर हीच पद्धत आहे. ते मशीन काउंटरवरच ठेवलेलं होतं, समोर! दोघांपैकी एकानंही त्याबद्दल विचारलं नव्हतं.

तिसरा प्रश्न खरा मोठा होता. अ‍ॅपमध्ये उधारीची आठवण करून देणारा मेसेज होता, बिलानंतर बरोबर तीस दिवसांनी आपोआप जाणारा. काका म्हणाले, "आरं पोरांनो, शेतकरी जूनमध्ये खत नेतोय आणि उसाचं बिल आलं की पैसे देतोय. जुलैला त्याला मेसेज गेला, तर तो पुढल्या वेळी समोरच्या दुकानात जाईल की."

बघा, कोडमध्ये एकही बग नव्हता. पण ते फीचर चालू केलं असतं, तर काकांची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं तुटली असती.

माझ्या मते कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचं कम्युनिकेशन म्हणजे आधी विचारणं, मग लिहून घेणं. आणि तिसरं, जे कुणालाच आवडत नाही: वाईट बातमी वेळेत सांगणं. टाय, शेकहँड, बॉडी लँग्वेज नंतर बघू.

विचारायचं कसं? "काका, तुमची रिक्वायरमेंट काय आहे?" असं विचारू नका. कुणालाच ते सांगता येत नाही. "काल दुकान बंद करताना शेवटच्या अर्ध्या तासात काय काय केलंत?" असं विचारा. उधारीची वही बघायला मागा. वहीच्या समासात, पानाच्या कोपऱ्यात काय खुणा केल्यात, ते विचारा. त्या मुलांना अशाच खुणांमधून कळलं, की काकांनी प्रत्येक शेतकऱ्यापुढे त्याचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते लिहून ठेवलंय. वसुलीचा सगळा हिशोब त्यावरच चालायचा.

आता लिहिणं. कॉलेजमध्ये तुम्ही प्रोजेक्टसाठी चाळीस पानांचं एसआरएस लिहिता. (खरं सांगा, सीनियरच्या फाइलमध्ये नाव बदलून किती जणांनी दिलं?) दुकानदारासाठी एक पान पुरे, मराठीत. आपण काय करून देणार आणि काय देणार नाही, जुनी उधारी अ‍ॅपमध्ये कोण भरणार, कधी चालू होणार, पैसे किती टप्प्यांत, एवढंच त्यात हवं. जुनी उधारी कोण भरणार हे आवर्जून लिहा; पहिलं भांडण हमखास तिथंच होतं. पान त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवा आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "काका, आज आपलं जे ठरलं ते खाली लिहिलंय. काही चुकलं असेल तर उद्यापर्यंत सांगा, तोपर्यंत काम सुरू करत नाही."

या सवयीचा पैशाशीही थेट संबंध आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवा. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं, असं एमएसएमई विकास कायदा, 2006 सांगतो. पण गावातल्या काकांविरुद्ध तक्रार करायला कोण जाणार? म्हणून आगाऊ रक्कम आणि टप्पे आधीच लिहिलेले बरे.

वाईट बातमीचं सांगतो. कॉलेजात सबमिशनची तारीख पुढे जाते, त्यामुळे आपल्याला सवय लागते: काम झालं नाही की फोन उचलायचा नाही. धंद्यात हे चालत नाही. शुक्रवारी द्यायचंय आणि अडलंय, तर बुधवारीच कळवा: "काका, जीएसटीचा रिपोर्ट अजून बरोबर येत नाही. बिलिंग शुक्रवारी ठरल्याप्रमाणे चालू करून देतो. रिपोर्टला पुढचा बुधवार लागेल." कारणांची यादी नको. काय होणार, काय नाही आणि नवी तारीख, बस्स.

हे सगळं शिकायला वेळ कमी आहे. 2020-21 पासून एमसीए तीनऐवजी दोन वर्षांचं झालंय आणि त्यातही बहुतेक ठिकाणी शेवटचं सेमिस्टर प्रोजेक्टमध्ये जातं. पण तोच प्रोजेक्ट वापरा ना! लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम पुन्हा कशाला? एखादं खरं दुकान, पतसंस्था, दवाखाना निवडा. व्हायवाच्या आधी घरात आईला किंवा आत्याला दोन मिनिटांत प्रोजेक्ट समजावून सांगा, एकही तांत्रिक शब्द न वापरता. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटेल. चारपाच वेळा करा.

ती दोन मुलं परत गेली, या वेळी लॅपटॉप घरी ठेवून. बाजाराच्या दिवशी तीन तास खताच्या पोत्यांवर बसून राहिली. नेट नसतानाही बिल निघेल असं केलं आणि मेसेजची तारीख काकांच्या हातात दिली. खताच्या मशीनचा प्रश्न सुटला नाही, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "एक सीझन चालवून बघतो. पैसे महिन्याच्या महिन्याला देतो, एकदम नाही." पोरांनी तेही त्याच पानावर लिहून घेतलं.