उन्हाळ्यातील रंगनतिट्टू

पक्षी पाहावयाचे ते थंडीत, असा सर्वसाधारण समज आहे. दूरदेशींचे पाहुणे त्या ऋतूत येतात, हे खरेच. परंतु पक्ष्यांचा संसार पाहावयाचा असेल, तर उन्हाळ्याच्या सुटीत श्रीरंगपट्टणाजवळील रंगनतिट्टू अभयारण्याची सहल काढावी.

सतराव्या शतकात कावेरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे येथे लहान लहान बेटे निर्माण झाली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या सूचनेवरून म्हैसूर संस्थानाने १९४० साली त्यांना संरक्षण दिले. गोव्यातील चोडण बेटावरील अभयारण्यास नाव आहे, ते याच सलीम अलींचे. २०२२ साली रंगनतिट्टूचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला.

पक्ष्यांनी बेटेच का निवडावीत? भोवतालच्या पाण्यामुळे कोल्ही-कुत्री घरट्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात पाणी ओसरले, की मासे थोड्या जागेत एकवटतात आणि पिलांसाठी घास मिळविणे सुलभ होते.

एकाच पाण्यावर इतक्या जातींचा निर्वाह कसा होतो, याचे उत्तर चोचींत आहे. चमचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो. मुग्धबलाकाच्या चोचीत मध्ये फट असते. तो गोगलगायी खातो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून, माशाचा स्पर्श होताच ती मिटतो.

सर्वांत धाडसी मात्र नदी सुरय. तो घरटे बांधीतच नाही. उघड्या खडकावर वा वाळूवर अंडी घालतो. अंड्यांचा रंग भोवतालच्या जमिनीशी मिळताजुळता असल्याने शत्रूस ती चटकन दिसत नाहीत. रणरणत्या उन्हात आई-बाप आपल्या अंगाची सावली अंड्यांवर धरतात. होडी फार जवळ गेली, तर पक्षी उडतो, सावली हरपते आणि तापलेल्या खडकावर अंड्यांतील जीव धोक्यात येतो. वरच्या बाजूच्या कृष्णराजसागर धरणातून जास्त पाणी सोडल्यास सखल खडक बुडतात व अंडी वाहून जातात.

धरणाचे पाणी आपल्या हाती नाही. आपले वर्तन मात्र आहे. म्हणून विद्यार्थिमित्रहो, सहलीस जाल तेव्हा सकाळची वेळ साधा, भडक कपडे टाळा, होडीत शांत बसा आणि नावाड्यास जवळ नेण्याचा आग्रह करू नका. दुर्बीण व टिपणवही एवढे साहित्य पुरे. आपण निघून आल्यावरही पक्षी अंड्यांवर निश्चिंत बसलेला असावा, यातच पक्षिनिरीक्षणाची खरी सार्थकता आहे.