ऑक्सिटोसिनचे दुष्परिणाम आणि सुरक्षित वापर

ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांची साखळी असलेले पेप्टाइड संप्रेरक आहे. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवणे आणि स्तनातील दूध बाहेर सोडणे ही त्याची दोन प्रमुख कार्ये होत. प्रयोगशाळेत तयार केलेले हेच संप्रेरक प्रसूतिशास्त्रात व पशुवैद्यकात इंजेक्शनच्या स्वरूपात वापरले जाते. ग्रामीण महाराष्ट्रात त्याची ओळख मुख्यतः म्हशीचा पान्हा सोडवणारे इंजेक्शन अशी आहे. ('पान्हा' हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' या शब्दावरून आला असून तो या संप्रेरकाच्या शोधाहून कितीतरी जुना आहे.)

शोध

पीयूष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले. विन्सेंट डू विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनची रचना उलगडून ते कृत्रिमरीत्या तयार केले. अशा रीतीने तयार झालेले हे पहिले पेप्टाइड संप्रेरक होय. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रसूतीतील वापर व धोके

बाळ जन्मल्यानंतर गर्भाशय घट्ट आवळले गेले नाही, तर वार सुटलेल्या जागेतून रक्त वाहत राहते व माता अल्पावधीत दगावू शकते. हा रक्तस्राव टाळण्यासाठी प्रसूतीनंतर लगेच १० युनिट ऑक्सिटोसिन द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या वापरात औषध सामान्यतः सुरक्षित ठरते. मळमळ व उलटी हे सौम्य त्रास होऊ शकतात. मात्र शिरेतून एकदम वेगाने दिल्यास रक्तदाब घसरतो व नाडी जलद होते.

बाळ जन्मण्यापूर्वी कळा वाढवण्यासाठी हे औषध देताना खरी जोखीम असते. रुग्णालयात ते सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहतात. रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्मे होत असल्यामुळे कळा अतितीव्र झाल्यास सलाइन थांबवून परिणाम आवरता येतो. स्नायूत टोचलेले औषध मात्र परत काढता येत नाही आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो. 'लवकर मोकळी व्हावी' म्हणून घरी अप्रशिक्षित व्यक्तीने दंडात दिलेल्या इंजेक्शनाने दोन कळांमधील विसावा नाहीसा होतो, बाळाला प्राणवायू कमी पडतो, प्रसंगी गर्भाशय फाटते. आधी शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीला हा धोका अधिक असतो.

मूत्राचे प्रमाण आवरणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाशी ऑक्सिटोसिनचे निकटचे साम्य आहे. दोहोंत केवळ दोन अमिनो आम्लांचा फरक आहे. त्यामुळे मोठी मात्रा दीर्घकाळ, क्षारविरहित द्रवातून दिल्यास शरीरात पाणी साठते, रक्तातील सोडियम उतरते व आकडी येऊ शकते.

साठवण

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेने त्याची शक्ती घटते, पण द्रव पूर्वीइतकाच स्वच्छ दिसतो. गगनबावडा या सह्याद्रीच्या माथ्यावरील तालुक्यात या बाबीचे महत्त्व सहज लक्षात येते. कोल्हापूर शहर तेथून सुमारे ५५ किलोमीटर दूर आहे आणि अतिवृष्टीत मांडुकलीजवळ पुराचे पाणी रस्त्यावर आले की वाहतूक बंद पडते. अशा वेळी नवप्रसूतेचा जीव जवळच्या शीतकपाटातील कुपीवर अवलंबून राहतो आणि ती निकामी झाली आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. हे औषध लसींच्या शीतसाखळीतच ठेवावे, असे संयुक्त निवेदन जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्ये काढले. कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनशी साधर्म्य असलेले पेप्टाइड उष्णतेतही टिकेल अशा स्वरूपात उपलब्ध आहे. भारतासह दहा देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवरील अभ्यासात (२०१८) ते रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनइतकेच उपयुक्त ठरले.

दुभत्या जनावरांमधील वापर

म्हशीच्या कासेत बहुतेक दूध सूक्ष्म पिशव्यांत असते. रेडकू लुचू लागले किंवा कास चोळली गेली की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात उतरते. त्यामुळे पान्हा आल्याखेरीज म्हशीची धार काढता येत नाही. रेडकू दगावले, गोठा बदलला वा जनावर बिथरले तर म्हैस पान्हा चोरते. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याचा जुना उपाय याच कारणाने योजला जाई. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची प्रथा आहे. गर्दीच्या चौकात शांतपणे पान्हवणारी म्हैस ही सवयीची व संगोपनाची किमया आहे.

इंजेक्शनाने दूध वाढते, हा समज मुळात चुकीचा आहे. कासेत तयार असलेले दूध तेवढे बाहेर येते. रोज टोचण्याची सवय लागल्यास म्हैस इंजेक्शनाशिवाय पान्हवेनाशी होते. गाभण जनावर गाभडण्याची भीती असते आणि अस्वच्छ सुईने गळू होते. चोरट्या मार्गाने विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या बाटल्यांतील द्रवाची मात्रा व शुद्धता यांची कोणतीच खात्री नसते. पान्हा न सोडणाऱ्या जनावराला पशुवैद्यकाने प्रसंगविशेषी दिलेले इंजेक्शन हा मात्र मान्य उपचार आहे.

अशा दुधामुळे मुली लवकर वयात येतात, अशी भीती वारंवार व्यक्त होते. ऑक्सिटोसिन हे लैंगिक संप्रेरक नाही आणि पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांप्रमाणेच पचून जाते. या भीतीला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. इजा होते ती जनावराला.

कायदेशीर स्थिती

दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला अपायकारक पदार्थ टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. पशुवैद्यकीय ऑक्सिटोसिन केवळ पशुवैद्यकीय रुग्णालयांनाच विकावे, असे बंधन २०१४ मध्ये घालण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत वापरासाठीचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित करणारी अधिसूचना काढली. एकाच कारखान्यावर भिस्त ठेवल्यास प्रसूतिगृहांत तुटवडा पडून माता दगावतील, असा आक्षेप तिच्यावर घेण्यात आला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवले.