लिम्फोमा आणि मूत्रपिंडे : कारण शोधण्याचे महत्त्व

मूत्रपिंडे निकामी झाली की मधुमेह किंवा उच्च रक्तदाब हीच कारणे आपल्या वस्त्यांतून गृहीत धरली जातात. बहुतेकदा ती खरी असतात. परंतु क्वचित कारण वेगळेच असते. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, हे त्यांपैकी एक. त्याचे निदान वेळीच झाले, तर काही रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. म्हणून आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ही माहिती असावी.

लसिकापेशी या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी होत. त्या बेसुमार वाढून मूत्रपिंडांत शिरल्या की रक्त गाळण्याची क्रिया मंदावते व क्रिएटिनिन वाढते. कधी पोटातील वाढलेल्या लसिकाग्रंथी मूत्रवाहिन्यांवर दाब देऊन लघवीची वाट अडवतात. तेव्हा नळी घालून ती मोकळी करावी लागते. जुनाट विकारात मूत्रपिंडे बहुधा आक्रसतात. लिम्फोमात मात्र ती सोनोग्राफीत मोठी दिसू शकतात. ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मानेतील वा काखेतील गाठी ही सोबतची लक्षणे असू शकतात. निश्चित निदान मूत्रपिंडाच्या किंवा गाठीच्या बायोप्सीनेच होते.

डायलिसिस रक्त शुद्ध करते, मूळ रोग हटवत नाही. त्यासाठी केमोथेरपी लागते. बी-पेशींच्या लिम्फोमात तिच्यासोबत बहुधा रिटुक्सिमॅब हे औषध देतात. कर्कपेशी झपाट्याने नष्ट होताना युरिक ॲसिड व पोटॅशियम वाढून मूत्रपिंडांवर नवा भार पडतो. म्हणून सलाइन, औषधे आणि गरजेनुसार डायलिसिस यांची तयारी आधीच ठेवतात.

या उपचारांसाठी मुंबईकरांना दूर जावे लागत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. पवईच्या आयआयटीने टाटा स्मारकाच्या सहकार्याने नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती विकसित केली; ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. हीत रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून पुन्हा शरीरात सोडतात. उलटलेल्या किंवा नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या बी-पेशींच्या कर्करोगासाठी ती आहे.

खर्चाच्या धास्तीने तपासणी टाळू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी व डायलिसिस या दोहोंचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आणि डायलिसिस सुरू करताना डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : मूत्रपिंडे कशामुळे निकामी झाली? कारण जाणल्याशिवाय उपाय सापडत नाही, हा धडा आपल्या शाळेने सर्वांनाच दिला आहे.